‘साभार’ लिहिता, मग लिंकही द्या

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर एखाद्या ब्लॉगमधली माहिती घेतली जाते, तेव्हा खाली बहुतेक वेळा ‘साभार : इंटरनेट’ एवढेच असते, फार तर ब्लॉगचे नाव. त्या नावावर बोट ठेवले तर काही उघडत नाही. लिहिणाऱ्याचे नाव झाले, पण वाचक त्याच्यापर्यंत पोचला नाही आणि गूगललाही त्याचा पत्ता लागला नाही. हे पत्र त्या न दिलेल्या लिंकबद्दल आहे. दोष एकट्या वृत्तपत्रांचा मात्र नाही. कोल्हापूर परिसरात गड, देवळे, रस्सा, ऊस, फौंड्री, हुपरीची चांदी यांवर मनापासून लिहिणारे कितीतरी जण स्वतःच्याच दोन लेखांमध्ये लिंक देत नाहीत. मग वाचक येत नाहीत म्हणून ‘बॅकलिंक’, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका, विकणाऱ्यांच्या हातावर पैसे ठेवतात. म्हणून आधी घरचे, मग बाजारचे आणि शेवटी आपल्याकडे मागायचे ते, अशा क्रमाने लिहीत आहोत.

लिंकला एवढे महत्त्व का, ते थोडक्यात. 1998 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची रीत मांडली. एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे एक मत, आणि ज्या पानाला स्वतःला जास्त मते त्याचे मत जड. पानाचे वजन त्यावरच्या सगळ्या लिंकांमध्ये वाटले जाते. दहा लिंका असतील तर दहा वाटे, शंभर असतील तर शंभर. मूळ सूत्रात 0.85 हा गुणक होता, म्हणजे दर टप्प्याला 85 टक्केच वजन पुढे जायचे. आज गूगलचा हिशेब इतका सरळ राहिलेला नाही. ब्राउझरच्या पट्टीवर पेजरँकचा आकडा दिसायचा, तोही 2016 मध्ये बंद झाला. तरी लिंकची दोन कामे तशीच आहेत. गूगलचा बॉट, म्हणजे पाने वाचत फिरणारा प्रोग्राम, लिंकांवरून चालतच नव्या पानापर्यंत येतो, आणि लिंक ज्या शब्दांवर दिली आहे ते शब्द म्हणजे पुढच्या पानावर काय आहे याची त्याला मिळालेली चिठ्ठी असते.

ही चिठ्ठी आपण मराठीत सर्रास कोरी पाठवतो. ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ या वाक्यातल्या ‘येथे’वर लिंक दिली, तर बॉटला कळते ते फक्त ‘येथे’. तेच वाक्य असे लिहून पाहा : ‘खिद्रापूरला जाताना वाटेत नृसिंहवाडीचे दर्शन कसे जमवावे, ते आधी लिहिले आहे.’ यातल्या ‘खिद्रापूरला जाताना वाटेत नृसिंहवाडीचे दर्शन’ या शब्दांवर लिंक द्यावी. वाचकालाही कळते आणि बॉटलाही. लिंकचा मजकूर तीन ते सात शब्दांचा पुरतो. अख्खे वाक्य किंवा परिच्छेद निळा करू नये. शिवाय दर वेळी तेच शब्द वापरू नयेत. लोक ‘नृसिंहवाडी’ शोधतात, ‘नरसोबाची वाडी’ शोधतात आणि ‘नरसोबावाडी’ही शोधतात, ‘जोतिबा’ लिहिणारे आहेत तसे ‘ज्योतिबा’ लिहिणारेही. वेगवेगळ्या लेखांतून लिंक देताना ही रूपे आपोआप आली, तर ती सगळी त्या एका पानाच्या खात्यावर जमा होतात. चित्रावर लिंक असेल तर चित्राचा पर्यायी मजकूर हाच लिंकचा मजकूर धरला जातो, म्हणून ती चौकट रिकामी सोडू नये.

आता घरचे काम. नवा लेख लिहिला की त्यातून आपल्या तीन-चार जुन्या लेखांना लिंक द्यावी, हे बऱ्याच जणांना माहीत असते. राहते ते याच्या उलटे. नवा लेख प्रसिद्ध झाल्यावर दोन-तीन जुने लेख उघडून, त्यांत जिथे हा विषय आला असेल तिथून नव्या लेखाकडे लिंक द्यायची. जुन्या लेखाचे वजन बसलेले असते, बॉट तिथे नेमाने येतो. तिथली एक लिंक नव्या लेखाला जितकी उपयोगी पडते तितक्या नव्याच्या अंगावरच्या दहा लिंका पडत नाहीत. असे जुने लेख कसे शोधायचे? गूगलच्या शोधपट्टीत ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत, पुढे विसर्गासारखी दोन टिंबे, त्याला चिकटून आपल्या ब्लॉगचा पत्ता, मग एक जागा सोडून विषयाचा शब्द टाकावा. तो शब्द असलेली आपलीच पाने समोर येतात. दर नव्या लेखामागे पंधरा मिनिटांचे हे काम आहे. महिनाभर नवे काही न लिहिता जुन्या पन्नास लेखांत एवढेच केले, तरी तो महिना वाया जात नाही.

विषयवार एक मुख्य पानही बांधावे. ‘पन्हाळा’ असे एक पान. त्यात तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जा कोठी, जाण्याच्या वाटा, पावसाळ्यातली काळजी यांवर दोन-दोन ओळी आणि प्रत्येकीतून त्या त्या लेखाकडे लिंक. आणि त्या प्रत्येक लेखातून पुन्हा मुख्य पानाकडे. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला, त्यांत पन्हाळा आहे. त्यामुळे ‘पन्हाळा’ एवढाच शब्द टाकून शोधणाऱ्याला दाखवायला आपल्याकडे एक भरीव पान हवे. अर्धवट माहितीचे सात लेख एकमेकांशी झगडत बसले तर सातही मागे राहतात.

ब्लॉगरवर, म्हणजे ब्लॉगस्पॉटवर लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम समजून घ्यावी, कारण मराठी ब्लॉगविश्वाचा मोठा भाग अजून तिथे आहे. तिथे लेखाला लेबले लावली की काम झाले असे वाटते. पण लेबलाच्या पानाचा पत्ता ‘सर्च’ या शब्दाने सुरू होतो, आणि ब्लॉगरच्या ठरावीक रोबोट्स फाइलमध्ये ‘सर्च’खालची सगळी पाने बॉटला बंद असतात. होमपेजच्या तळाशी ‘जुन्या पोस्ट’ ही लिंक असते, तिचा पत्ताही ‘सर्च’खालीच येतो. म्हणजे वाचक लेबलावरून जुन्या लेखापर्यंत पोचतो, बॉट त्या वाटेने पोचत नाही. साइटमॅपमुळे, म्हणजे ब्लॉगच्या पानांच्या यादीमुळे, त्याला पत्ता कळतो खरा, पण साइटमॅपमधली नोंद म्हणजे लिंक नव्हे. तिने वजन मिळत नाही. राहता राहिला बाजूचा संग्रहाचा पट्टा, तोही अनेकांनी दिसायला बरे म्हणून काढलेला असतो. यावर उपाय एकच : लेखाच्या मजकुरातून लेखाकडे सरळ लिंक. ब्लॉगरवर शब्द निवडून साखळीचे चिन्ह दाबले की चौकट येते. पत्ता चिकटवावा आणि खालच्या ‘नोफॉलो’च्या, म्हणजे ही लिंक मत म्हणून धरू नका असे गूगलला सांगणाऱ्या, खुणेला स्वतःच्या लेखांसाठी हात लावू नये. वर्डप्रेसवर शब्द निवडून कंट्रोल आणि के एकदम दाबले की जुन्या लेखाचे शीर्षक टाइप करून यादीतूनच निवडता येते. पत्ता मोबाइलवरून घेतला असेल तर ब्लॉगर त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एमची शेपटी जोडतो, फेसबुक स्वतःची लांबलचक शेपटी जोडते. प्रश्नचिन्हापासून पुढचे पुसून मगच लिंक द्यावी.

पत्त्याचा विषय निघालाच आहे तर देवनागरी पत्त्यांचे सांगायला हवे. इथे मराठी ब्लॉगर हकनाक अडकतात. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह संगणक तीन बाइटांत साठवतो आणि पत्त्यात लिहिताना दर बाइटाला टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे लागतात, म्हणजे एका चिन्हाला नऊ. ‘कोल्हापूर’ या शब्दात काना, मात्रा, हलन्त धरून नऊ चिन्हे आहेत. त्याचा पत्ता झाला 81 अक्षरांचा. व्हॉट्सअॅपवर टक्क्यांची ती माळ येते ती यामुळे, आणि ती पाहून लोक घाबरून लिंक उघडत नाहीत. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्याला, म्हणजे स्लगला, एकूण 200 अक्षरांची मर्यादा आहे. ‘पन्हाळगडावर जाण्याचा मार्ग’ असे साधे शीर्षक द्या आणि हिशेब करा. ‘पन्हाळगडावर’ अकरा चिन्हे, ‘जाण्याचा’ आठ. त्यांची 171 अक्षरे आणि दोन जोडरेषा मिळून 173 झाली. उरलेल्या 27 मध्ये फक्त तीन चिन्हे बसतात : म, काना आणि र. पत्ता तयार होतो ‘पन्हाळगडावर-जाण्याचा-मार’. लेख उघडतो, काही बिघडत नाही. पण हाच पत्ता कायम राहतो, वाचक पुढे पाठवतो तोही हाच. म्हणून प्रसिद्ध करण्याआधी स्लग स्वतः लिहावा, दोन किंवा तीन शब्दांचा. देवनागरीच हवा असेल तर ‘पन्हाळा-मार्ग’ पुरे. रोमन अक्षरांत लिहिला तरी गूगलच्या दृष्टीने वावगे काही नाही. ओळख लेखाच्या मजकुरावरून आणि लिंकच्या शब्दांवरून होते, पत्त्याचा वाटा त्यात किरकोळ असतो. ब्लॉगरची अडचण निराळी आहे. शीर्षक देवनागरीत असले की तो पत्त्यात नुसते ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडा टाकतो. तिथे उजवीकडच्या पट्टीत परमालिंक, म्हणजे लेखाचा कायमचा पत्ता, स्वतः देण्याची सोय आहे, ती लेख प्रसिद्ध होण्यापूर्वीच वापरावी लागते.

प्रसिद्ध झालेला पत्ता मात्र उगाच बदलू नये. एकदा कोणी त्या पत्त्याला लिंक दिली की ती आपल्या हातातली गोष्ट राहत नाही. बदलणे भागच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे रीडायरेक्ट, म्हणजे 301, लावावे आणि किमान वर्षभर, खरे तर कायमच, राहू द्यावे. एका प्रसिद्ध लेखाचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवून स्वतःच वळवतो. ब्लॉगरमध्ये सेटिंग्जमधल्या ‘त्रुटी आणि रीडायरेक्ट’ या भागात हाताने नोंद करावी लागते. पण सर्वांत जास्त नुकसान होते ते ब्लॉगस्पॉटवरून स्वतःच्या वर्डप्रेसवर एका उडीत जाताना. ब्लॉगस्पॉटचा पत्ता परक्या जागेकडे 301 ने वळवण्याची सरळ सोय नाही. दहा वर्षांत जमलेल्या लिंका तिथेच राहतात. ही उडी दोन टप्प्यांत मारावी. आधी स्वतःचे डोमेन घेऊन ते ब्लॉगरलाच जोडावे. मग ब्लॉगस्पॉटचे सगळे जुने पत्ते नव्या डोमेनवर आपोआप वळतात. काही महिने जाऊ द्यावेत, सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्याच साधनात, नवे पत्ते दिसू लागले की मग वर्डप्रेसवर जावे आणि तिथे पत्त्याची रचना ब्लॉगरसारखीच ठेवावी : वर्ष, महिना, लेखाचे नाव आणि शेवटी टिंब एचटीएमएल. वर्डप्रेसच्या परमालिंक सेटिंगमध्ये ही रचना लिहिता येते. म्हणजे त्या डोमेनवरच्या जुन्या लिंका तुटत नाहीत. सगळे जुने पत्ते सरसकट होमपेजवर वळवण्याचा सोपा मार्ग काही जण सुचवतात. तो करू नये. गूगल अशा पत्त्यांना ‘पान सापडत नाही’ याच सदरात टाकते.

दर वर्षी येणाऱ्या गोष्टींना दर वर्षी नवे पान करणे ही आणखी एक घरची चूक. अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारी आणि 9, 10, 11 नोव्हेंबर असा वर्षातून दोनदा येतो. ‘किरणोत्सव 2023’, ‘किरणोत्सव 2024’ अशी पाने करत गेले की प्रत्येक पानाला दोन-चार लिंका मिळतात आणि पुढच्या वर्षी शून्यापासून सुरुवात. त्याऐवजी वर्ष न घालता एकच पत्ता ठेवावा. पहिल्या दिवशी किरणे कुठवर, दुसऱ्या दिवशी कुठवर, तिसऱ्या दिवशी कुठवर हे दर वेळी त्याच पानावर भरत जावे आणि जुन्या नोंदी खाली राहू द्याव्यात. पाच वर्षांत त्या पानाला तोड राहत नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेचे, नवरात्राचे आणि पुराचेही असेच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हे आकडे आणि कोणता रस्ता कधी बंद होतो हे सगळे जिल्हाभर शोधत असतात. 2019 आणि 2021 च्या पुरातल्या नोंदी आणि आजची स्थिती एकाच कायमच्या पत्त्यावर ठेवणारा ब्लॉग असेल, तर त्याला लिंक मागावी लागत नाही.

केलेल्याचा उपयोग झाला की नाही, हे पाहण्यासाठी सर्च कन्सोल पुरते, आणि ते फुकट आहे. ‘परफॉर्मन्स’मध्ये पाने निवडून सरासरी स्थान 8 ते 20 च्या दरम्यान असलेली पाने काढावीत. ही पाने दारापर्यंत आलेली असतात. त्यांना पाच-सहा जुन्या लेखांतून नेमक्या शब्दांवर लिंक दिली तर बहुतेकदा तीच सर्वांत आधी वर येतात. शब्द कोणते घ्यायचे, ते त्याच पानाच्या ‘क्वेरी’ यादीत वाचक काय टाइप करून आले यावरून ठरवावे. मग चार ते सहा आठवडे थांबावे, रोज उघडून पाहू नये. ‘लिंक्स’ या भागात अंतर्गत लिंकांची यादी मिळते. तिच्या तळाशी असलेली पाने, म्हणजे ज्यांना एखाद-दुसरीच लिंक आहे ती, आधी हाताळावीत. जी पाने यादीत नाहीतच ती अनाथ आहेत. तुलना करताना किरणोत्सवाच्या पानाची गाठ मागच्या महिन्याशी घालू नये, मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी घालावी. सर्च कन्सोल सोळा महिन्यांची आकडेवारी ठेवते, तेवढी त्यासाठी पुरेशी आहे.

आता बाजारचे. ‘दोन हजार रुपयांत पाचशे बॅकलिंक, डीए 40 च्या वर’ असा संदेश ज्याच्या मोबाइलवर आला नाही असा दुकानदार उद्यमनगरापासून महाद्वार रोडपर्यंत शोधावा लागेल. डीए, म्हणजे डोमेन अथॉरिटी, हा मॉझ या खासगी कंपनीने स्वतःपुरता काढलेला 1 ते 100 चा आकडा आहे. गूगल तो वापरत नाही. पाचशे लिंका येतात त्या बहुधा ओस पडलेल्या डिरेक्टऱ्या, परदेशी फोरमवरची खोटी खाती, प्रतिक्रियांच्या चौकटी आणि एकाच माणसाने उभे केलेले पन्नास रिकामे ब्लॉग यांतून. प्रतिक्रियांतल्या लिंकांचा जोर 2005 मध्येच गेला. तेव्हा गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून ‘नोफॉलो’ आणला. विकतच्या लिंकांवर 24 एप्रिल 2012 रोजी पेंग्विन नावाचा बदल आला आणि तेव्हा अशा अनेक साइट एका दिवसात खाली गेल्या. 2016 पासून पेंग्विन गूगलच्या मुख्य गणितातच आहे आणि अशा लिंकांना शिक्षा करण्याऐवजी बहुतेकदा त्या मोजतच नाही. डिसेंबर 2022 पासून स्पॅमब्रेन ही यंत्रणाही हेच काम करते. म्हणजे आज विकतच्या लिंकेचा नेहमीचा परिणाम असा, की पैसे जातात आणि काहीही होत नाही. विकणारा म्हणतो, ‘वेळ लागतो.’ अजून पैसे जातात.

काही वेळा मात्र गूगलचा माणूस पाहणी करतो आणि सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल अॅक्शन’ची नोटीस येते. तीनशे अनोळखी साइटवरून एकाच शब्दावर, समजा ‘कोल्हापूर हॉटेल’वर, लिंका आलेल्या असतील तर तो नमुना लपत नाही. मग त्या काढून घेण्यासाठी पत्रव्यवहार, न निघालेल्यांची ‘डिसअव्हाव’ यादी, म्हणजे या लिंका मोजू नका असे गूगलला कळवणे, पुनर्विचाराचा अर्ज, असे महिने जातात. नोटीस नसताना डिसअव्हावच्या वाटेला जाऊ नये. चांगल्या लिंकाही हातच्या जातात. कोणी लिंक विकायला आलाच तर पैसे देण्याआधी पाच साइटची नावे मागावीत आणि त्या स्वतः उघडाव्यात. तिथे लग्नाचे हॉल, कर्ज, जुगार आणि औषधे यांच्या लिंका शेजारी शेजारी असतील तर फोन ठेवून द्यावा.

‘तुम्ही आमची द्या, आम्ही तुमची देतो’ हे घाऊक पातळीवर झाले की तेही गूगलच्या नियमात बसत नाही. पण म्हणून शेजाऱ्याला लिंकच द्यायची नाही, असा अर्थ काढू नये. दाजीपूरच्या गव्यांवर लिहिणाऱ्याने राधानगरी धरणावर कोणी चांगले लिहिले असेल तर त्याला लिंक द्यावी. वाचकाच्या ती कामाची आहे, एवढे कारण पुरे. बाहेर लिंक दिली की आपले वजन गळते, ही भीती आपल्याकडे घट्ट बसली आहे. त्यापायी काही जण बाहेरच्या प्रत्येक लिंकला नोफॉलो लावतात. 2009 मध्येच गूगलने स्पष्ट केले, की नोफॉलो लावलेल्या लिंकचा वाटा उरलेल्यांना मिळत नाही. तो नुसता वाया जातो. राखून ठेवण्यासारखे तिथे काही नसते. पैसे घेऊन दिलेल्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’, वाचकांच्या प्रतिक्रियांतल्या लिंकला ‘यूजीसी’ या खुणा 2019 पासून आहेत, त्या लावाव्यात. बाकी लिंका मोकळ्या सोडाव्यात.

न मागता लिंक कशाला मिळते? दुसऱ्याला दाखला म्हणून लागेल अशा पानाला. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि विषय जगभर गेला. अशा वेळी बातमीदाराच्या हातात तास-दोन तास असतात. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनळी, पुकरी यांत फरक काय, कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कसे कमावतात, आठ जिल्हे कोणते, हे फोटोंसह एका पानावर नीट मांडलेले जिथे सापडेल तिथेच तो लिंक देतो. ‘आमची खास कोल्हापुरी, आजच मागवा’ या पानाला कोणी देत नाही. गुळाच्या सौद्यातल्या शब्दांचा अर्थ, फौंड्रीतल्या बोलीभाषेतल्या शब्दांचा कोश, हुपरीच्या पैंजणांचे प्रकार : अशी पाने आपल्याकडे ज्यांच्या हातात माहिती आहे तेच लिहू शकतात.

लेख कोणी उचलला असेल तर भांडण्याआधी लिंक मागावी. आपल्या लेखातले एखादे वेगळे, आठ-दहा शब्दांचे वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधले की उचललेल्या जागा सापडतात. पत्र छोटे असावे : ‘आपल्या अमुक पानावर आमच्या तमुक लेखातला मजकूर आहे. तो राहू द्यायला हरकत नाही. फक्त मूळ लेखाच्या शीर्षकावर या पत्त्याची लिंक द्यावी, ही विनंती.’ खाली पूर्ण पत्ता. एवढ्यावर लोक बरेचदा देतात, कारण मजकूर काढण्यापेक्षा ते सोपे असते.

आणि आता आपल्याकडचे मागणे. संकेतस्थळावर ब्लॉगचा, अभ्यासकाचा किंवा एखाद्या संस्थेचा आधार घेतला असेल तर लिंक त्या नेमक्या लेखाला द्यावी, होमपेजला नको. ती ‘येथे’वर नको, लेखाच्या नावावर हवी. बातम्यांच्या अनेक यंत्रणांत बाहेरच्या सगळ्या लिंकांना सरसकट नोफॉलो लागतो. संपादकीय निर्णयाने दिलेल्या लिंकला तो काढावा आणि जाहिरात-लेखांतल्या लिंकांना मात्र ‘स्पॉन्सर्ड’ न विसरता लावावे. आज अनेक ठिकाणी याच्या नेमके उलटे घडते. छापील पानाचा मजकूर उचलून संकेतस्थळावर चिकटवताना बातमीदाराने दिलेली लिंक गळून पडते, हे मोठे कारण आहे. बातमी भरण्याच्या फॉर्ममध्ये ‘मूळ स्रोताचा पत्ता’ अशी एक वेगळी चौकट असली तर ती गळत नाही. ई-पेपरमधले पान चित्र म्हणून चढवलेले असेल तर त्यातली लिंक बॉटसाठी नसल्यासारखीच. तो लेख साध्या मजकुराच्या रूपातही ठेवावा.

संकेतस्थळाची रचना बदलली की जुन्या बातम्यांचे पत्ते मरतात. मराठी विकिपीडियाच्या आणि ब्लॉगांच्या संदर्भयाद्यांत अशा मेलेल्या बातम्यांच्या लिंका कितीतरी आहेत. जुन्या पत्त्यांचा तक्ता करून 301 लावणे हे रचना बदलणाऱ्या ठेकेदाराच्या कामातच आधी लिहून घ्यावे; नंतर ते कोणी करत नाही. ज्या ब्लॉगरांचा आधार अशा बातमीवर आहे त्यांनी लिंक देतानाच ते पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून ठेवावे, एका मिनिटाचे काम आहे.

छापील अंकात लिंक देता येत नाही, हे खरे. तिथे लेखाखाली क्यूआर कोड द्यावा : किमान दोन सेंटिमीटर चौरस, भोवती पांढरी जागा मोकळी, खाली मूळ लेखाचे नाव आणि लिहिणाऱ्याचे नाव. देवनागरीतला लांब पत्ता थेट घातला तर कोडमधले चौकोन इतके बारीक होतात की वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरून ते वाचले जात नाहीत, म्हणून त्यासाठी आखूड पत्ता घ्यावा. आणि कोड पानाच्या घडीवर येऊ देऊ नये.

कळावे.

आपले,
मराठी संकेतस्थळांचे आणि ब्लॉगांचे तांत्रिक काम पाहणारे काही जण,
कोल्हापूर